सुरातले खड्डे

पोलिसांना अकरमने सांगितलं की दुपारी अडीचच्या सुमाराला लाईट गेली, जिन्यात अंधार झाला, मनस्विनी मॅडमचा पाय चुकला आणि त्या सोळा पायऱ्या गडगडत खाली गेल्या. जमादाराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अकरमने खाली सही केली. सही करताना त्याचा हात थरथरला नाही, आणि नंतर त्याला त्याचीच जास्त लाज वाटली.

खरं काय घडलं ते कळायला आधी अकरमचं काम कळलं पाहिजे.

लातूरच्या ट्यूशन एरियात, धोंडाबाईंच्या मेसच्या वर, त्याची दोन खोल्यांची रेकॉर्डिंगची जागा होती. नांदेडला त्याच्या घरात तीन पिढ्या लग्नाचा बँड. बापाच्या कॉर्नेटवर पोट चालेना तेव्हा अकरम लातूरला आला. भूकंपाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती आणि शहरात गल्लीगल्लीत क्लासेस उघडत होते. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथे येऊन राहायची, आणि मेसच्या रांगेतसुद्धा कानात वायरी घालून धडे ऐकायची. ते धडे अकरम तयार करून द्यायचा. पुढे शिकवणाऱ्याचा आवाज, मागे एक मंद, लांबट सूर. नुसतं बोलणं ऐकून पोरांना झोप येते; सूर असला की थोडी टिकतात.

पण सूर बोलण्यावर चढता कामा नये. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये साइडचेन लावतात. अकरमने ती आपल्या मुलीला, अर्शीला, ती आठवीत असताना समजावली होती.

"अजान सुरू झाली की तुझी अम्मी टीव्हीचं काय करते?"

"आवाज कमी करते."

"आणि संपली की?"

"परत वाढवते."

"बस. या कॉम्प्युटरात मी तशी एक अम्मी बसवलीय. माणूस बोलायला लागला की ती सूर खाली दाबते. माणूस थांबला की सोडून देते."

"आणि मधेच कुकरची शिट्टी झाली तर?"

"तरी दाबते. तिला अजान कळत न्हाई न् शिट्टी कळत न्हाई. मोठा आवाज तेवढा कळतो."

"हे अम्मीला सांगू का?"

"सांगू नकोस. मला घरी जेवायचंय."

दुसरी गोष्ट भारनियमनाची. लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता आणि अकरमची बॅटरी जुनी होती. म्हणून तो मागाहून निवांत मिक्सिंग करत बसायचा नाही. माइकवर बोलणं चालू असतानाच, दबत-सुटत जाणारा सूर तो दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करत राहायचा. त्यामुळे एकाच वेळी दोन ट्रॅक भरायचे. एकावर नुसता आवाज. दुसऱ्यावर नुसता सूर, पण आवाजाने जिथे जिथे दाबला तिथे तिथे खड्डे पडलेला. बाकीचे रेकॉर्डिंगवाले त्याला हसायचे, कारण असा खड्डा एकदा पडला की बुजवता येत नाही. अकरम म्हणायचा, बुजवायला लाईट लागते.

मनस्विनी मॅडम किशनराव सरांच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायच्या. किल्लारीजवळच्या गावातल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या सात वर्षांच्या होत्या. दोन दिवसांनी त्यांना ढिगाऱ्यातून काढलं, तेव्हा घरातलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. किशनराव नावाचा एक तरुण मास्तर रोज सायकलवर तिथे यायचा. त्याने त्यांना पाटी दिली, वसतिगृहात घातलं, फी भरली. हे सगळं खरं होतं, आणि किशनराव ते दर वर्षी निकालाच्या सभेत सांगायचे.

त्या दोन दिवसांपासून मॅडमना बंद खोली सोसायची नाही. माइकच्या खोलीचं जाड दार त्या सताड उघडं ठेवायच्या.

"मॅडम, जीपचा हॉर्न येऊन राहिलाय," अकरम बाहेरून ओरडायचा.

"येऊ द्या अकरमभाई. दार लावलं तर माझी किंकाळी येईल. कोणतं बरं?"

किशनरावांचा क्लास आता तीन मजली होता, पण शेडमधली एक पद्धत त्यांनी सोडली नव्हती. परीक्षेत मार्क कमी पडले की तळहातावर लाकडी पट्टी, आणि फटके पोराने स्वतः मोठ्याने मोजायचे. फटका, आकडा. फटका, आकडा. आकडा चुकला की परत एकपासून. आईबाप ही गोष्ट एकमेकांना कौतुकाने सांगायचे.

एप्रिलमधल्या त्या दुपारी मॅडम धडा सांगायला आल्या नव्हत्या. त्या नांदेडला स्वतःचा क्लास काढणार होत्या आणि पोरांसाठी निरोप रेकॉर्ड करत होत्या. जूनपासून मी नांदेडला आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं, एवढंच. अकरमने सूर लावला, दोन्ही ट्रॅक चालू केले. मॅडमची तिसरी ओळ चालू होती तेव्हा जिन्यावर चपला वाजल्या. किशनराव आणि त्यांचा ड्रायव्हर आत आले.

"चालू दे की," किशनराव उंबऱ्यात उभं राहून म्हणाले. "थांबलीस कशाला? मलाबी ऐकू दे."

"सर, मी तुम्हाला सांगणारच होते."

"पोरांना आधी न् मला मागून?"

"पाच वर्षं शिकवलं तुमच्याकडे. आता माझं मी..."

"तुझं? तुझं काय हाय गं? बापाचं नाव तेवढं तुझं. बाकी समदं म्या दिलं."

"मान्य आहे सर. म्हणून आयुष्यभर..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. कोपऱ्यात माइकचा एक मोडका स्टँड होता. किशनरावांनी त्याचा वरचा लोखंडी दांडा ओढून काढला. ड्रायव्हरने अकरमकडे बोट केलं. "खुर्चीतून उठायचं न्हाई." अकरम अर्धवट उठला होता, तो परत बसला.

"हात पुढं कर," किशनराव म्हणाले.

"नाही करणार."

पहिला दांडा खांद्यावर बसला, आणि मॅडमच्या तोंडून आपोआप निघालं, "एक."

आपण काय बोललो हे त्यांना स्वतःलाच कळलं नसावं. त्यांनी चकित होऊन समोर पाहिलं. किशनरावांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. दुसरा दंडावर बसला. "दोन." तिसरा अडवायला त्यांनी मनगट वर केलं, तेव्हा मनगटातून वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. "तीन." त्या दाराच्या चौकटीला धरून खाली घसरत गेल्या आणि आकडे त्यांच्या तोंडून येत राहिले. किशनराव घाई करत नव्हते. प्रत्येक आकडा ऐकून मगच दांडा उचलत होते, वर्गात करायचे तसं. सहावा आकडा नीट ऐकू आला नाही. सातवा रक्तातून आला. आठवा दांडा जबड्यावर बसला.

किशनराव थांबले. आकड्याची वाट पाहत राहिले.

"मोज," ते म्हणाले.

मॅडमचं डोकं चौकटीवरून जमिनीवर आलं. माइक चालू होता. मागचा लांबट सूर, त्याला दाबणारं कुणी न उरल्यामुळे, भरून वर आला आणि तसाच वाजत राहिला.

"सर," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "जास्ती झालं."

किशनरावांनी दांडा खाली ठेवला, रुमालाने हात पुसले. आता त्यांचा आवाज शिकवतानाचा झाला. "लाईट गेली होती. जिन्यात पडली. कळलं का अकरम?" मग टेबलाशी येऊन म्हणाले, "तुझी अर्शी आपल्याकडंच हाय ना? अकरावी अ. लई हुशार पोरगी. तिला डॉक्टर करू. तिचं काय वाईट व्हायला नको."

"नको सर."

"तिचा आवाज पूस." म्हणजे मॅडमचा.

अकरमने आवाजाचा ट्रॅक पुसला.

"आता काय ऱ्हायलं?"

"नुसता सूर हाय, सर."

"वाजव."

अकरमने सुरुवातीपासून वाजवला. किशनरावांनी अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकला. "गोड हाय," ते म्हणाले. "असू दे. तुझ्या कामाला येईल."

मग दोघांनी मॅडमना उचलून जिन्याच्या तळाशी नेऊन ठेवलं आणि किशनरावांनीच अँब्युलन्सला फोन केला.

चार दिवस गेले. मॅडमना नांदेडच्या दवाखान्यात हलवलं होतं. जबडा तारेने बांधलेला, मेंदूला सूज, शुद्ध नाही. किशनरावांनी दवाखान्याचा खर्च उचलल्याची बातमी फोटोसकट छापून आली. अकरमने दुकान उघडलं, जमिनीवरचा डाग तीनदा पुसला, आणि एकही रेकॉर्डिंग घेतलं नाही. घरी त्याची बायको वहिदा विचारायची, जेवत का न्हाई? तो म्हणायचा, उन्हाळा.

पाचव्या दिवशी सकाळी अर्शी दुकानात आली. क्लासला दांडी मारून आली होती.

"अब्बा, मला मॅडमचा आवाज ऐकायचाय. त्या दिवशीचा."

"न्हाई तो. लाईट गेली न् उडाला."

पण तिने तोवर कॉम्प्युटर चालू केला होता. कोणत्या दिवसाचं काम कुठे ठेवलेलं असतं हे तिला बापाइतकंच ठाऊक होतं. तिने सुराचा ट्रॅक उघडला, हेडफोन लावला. अकरम तिच्या हातातून माउस काढून घेऊ शकला असता. तो खिडकीशी जाऊन खालचा रस्ता बघत उभा राहिला.

"अब्बा, लाईट अडीचला गेली ना?"

"हाव."

"हे तर पावणेतीनपर्यंत चालूय."

अकरम रस्त्याकडेच बघत राहिला.

"आणि आवाज नाही म्हणता, पण सूर दबलेलाय." ती पडद्यावर बोट ठेवून दाखवू लागली. सरळ जाणाऱ्या सुराच्या पट्ट्यात खालीवर दातरे पडलेले दिसत होते. "हे सुरुवातीचं मॅडमचं बोलणं. बारीक बारीक. मग हे कुणीतरी बोलतंय, दोघं आहेत. आणि इथून पुढं वेगळंच आहे. हा बघा, एकदम खोल खड्डा, कडा सरळ कापल्यासारखी. आपटल्यासारखा. त्याच्या मागं लगेच एक छोटा. परत खोल. परत छोटा."

ती बोटाने टेबलावर वाजवायला लागली. एक जोरात, एक हळू. एक जोरात, एक हळू. चौथ्या जोडीला तिचं बोट थांबलं. तिने आपला उजवा तळहात उघडून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. जानेवारीत रसायनशास्त्रात तिला कमी मार्क पडले होते.

"हे सरांचं मोजणं आहे," ती म्हणाली.

"अर्शी..."

"फटका, आकडा. फटका, आकडा. लातुरात कुणालाबी ऐकवा, अब्बा. आमच्या क्लासचं पोरगं असेल तर झोपेत ओळखील." मग ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि शेवटपर्यंत मोजत गेली. "आठव्यामागं छोटा खड्डा नाही. आठवा आकडा मॅडमनी का म्हटला नाही?"

अर्शीने हेडफोन काढला. ती ज्या खुर्चीत बसली होती, त्या खुर्चीतून माइकच्या खोलीचं दार समोर दिसत होतं. तिने दाराकडे पाहिलं, मग खुर्चीच्या हातांकडे, आणि ती उठून उभी राहिली. परत त्या खुर्चीत बसली नाही.

एवढ्या वर्षांत अकरमला लोकांनी शिव्या दिल्या होत्या, पैसे बुडवले होते, बँडवाल्याचा पोरगा म्हणून हिणवलं होतं. पण तिच्या या उभं राहण्याइतकं काही त्याला लागलं नव्हतं. त्याने ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेतला.

तेवढ्यात खाली गाडी थांबली. खिडकीतून ड्रायव्हर दिसला, सोबत आणखी दोघे.

"मागच्या जिन्यानं उतर," अकरमने पेन ड्राइव्ह तिच्या मुठीत कोंबला. "धोंडाबाईच्या चुलीकडून. सरळ पोलीस स्टेशनात जाऊन बस. मी येतो."

"तुम्ही खरंच येणार?"

"जा म्हणतो ना!"

ड्रायव्हर वर आला तो थेट टेबलाशी. "सरांनी मशीन मागवलंय. त्यांच्या पाहुण्यानं सांगितलं, पुसलेलं बी परत काढता येतंय म्हणं."

"मशीन न्या."

"पोरगी कुठं गेली आत्ता? पळत गेल्यावाणी आवाज आला."

"मांजर असंल."

ड्रायव्हरने एका माणसाला मागच्या जिन्याकडे पिटाळलं. अकरम त्या अरुंद बोळात आडवा उभा राहिला. तो पन्नाशीचा, दम्याचा माणूस. त्याला ढकलून काढायला एकच धक्का पुरला असता, पण त्याने एका हाताने माइकच्या खोलीची चौकट घट्ट धरली होती आणि तो सुटेना. पोटात गुडघा बसला, तरी सुटेना. कानाखाली बसली, ओठ फुटला. मग ड्रायव्हरने ते जाड दार, आवाज आत-बाहेर जाऊ नये म्हणून चार बोटं कापूस भरलेलं, त्याच्या बोटांवर लोटलं. एकदा. दुसऱ्यांदा अंगाचा भार टाकून. अकरम ओरडला तो खालच्या मेसपर्यंत ऐकू गेला. चौकट त्याने तरी सोडली नाही. खरं तर आता सोडता येत नव्हती.

धोंडाबाई वर आल्या त्या तव्यावरचं तापलेलं उलथणं तसंच हातात घेऊन. आल्या आल्या त्यांनी ते ड्रायव्हरच्या मानेवर टेकवलं. कातडी चुरचुरली. तो किंचाळून वळला तर दुसऱ्यांदा गालावर.

"मुडद्यांनो, पोरींना मारता न् आता म्हाताऱ्याला? माझ्या मेसचं खाऊन?" त्यांच्या मागे जेवणाच्या ताटावरून उठलेली पंधरा-वीस पोरं जिन्यात उभी होती, खरकट्या हातांनी. त्यातली निम्मी किशनरावांच्याच क्लासची. कुणी वाट सोडली नाही. एकाने ड्रायव्हरच्या पायात पाय घातला. तो जिन्यावरून खाली गेला, आणि या वेळी लाईट होती, सगळ्यांनी पाहिलं. उरलेले दोघे कॉम्प्युटर तिथेच टाकून त्याच्या मागे पळाले.

अकरमची तीन बोटं पिचली होती. धोंडाबाईंनी भाकरीच्या दुरडीतलं फडकं गुंडाळलं आणि एका पोराने त्याला मोटारसायकलवर पोलीस स्टेशनला सोडलं.

अर्शी बाकावर बसली होती, मूठ अजून घट्ट मिटलेली. बापाचा हात पाहून ती उठली नाही. नुसती सरकून तिने जागा केली.

साहेब तरुण होता, परभणीकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याने सूर ऐकला. अर्शीने त्याला पडद्यावर एकेक खड्डा दाखवला, साइडचेन समजावली, अजानचं आणि टीव्हीचं सांगून. बारा वर्षांच्या पोराला कळेल असं सांगितलं. शेजारी बसलेला जमादार लातूरचाच होता. तिसऱ्या जोडीला त्याने टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले.

"हे नुसतं संगीत आहे," साहेब अकरमला म्हणाला. "कोर्टात याच्यामागे माणूस उभा लागेल. आणि तुम्ही आधी वेगळंच लिहून दिलंय. खोटा जबाब म्हणून तुमच्यावरही गुन्हा होऊ शकतो."

"होऊ द्या. लिवा."

अकरमने पहिल्यापासून सांगितलं. निरोप, दार, चपलांचा आवाज, दांडा. जमादार लिहीत गेला.

"म्हणजे सात फटके," साहेब म्हणाला.

"फटके आठ. मॅडमनी मोजले सात."

जमादाराने खोडून आठ केलं.

"हे चालू असताना तुम्ही कुठे होता?"

अकरमला फडक्यातल्या हाताची कळ खांद्यापर्यंत आली. बाकाकडे त्याची पाठ होती, पण अर्शी ऐकते आहे हे त्याला ठाऊक होतं. तिला मेसमध्ये ठेवून यायला हवं होतं, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, नाही, बरं झालं.

"खुर्चीत," तो म्हणाला.

"तुम्हाला धरून ठेवलं होतं?"

"न्हाई."

"बांधलं होतं? हत्यार दाखवलं?"

"न्हाई साहेब. उठू नको म्हटले."

"मग?"

"मग मी उठलो न्हाई."

जमादाराचं पेन थांबलं. त्याने साहेबाकडे पाहिलं. साहेब म्हणाला, हे घालायची तशी गरज नाही, वकील याचाच फायदा घेईल, म्हणेल असला कसला साक्षीदार.

"घेऊ द्या, म्हणू द्या," अकरम म्हणाला. "पण ते लिवा. नाहीतर तेवढीच जागा रिकामी राहील."